सरकारी कार्यालयाचं नेटवर्क आणि सायबर हल्ले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका सरकारी कार्यालयात मी संगणक, केबल आणि सर्व्हर बघतो. कंत्राटी आहे, म्हणून कार्यालयाचं नाव इथे येणार नाही. वर्षातून तीन-चार वेळा ठाणे, ऐरोली, बेलापूरकडच्या कर्मचाऱ्यांसमोर सायबर सुरक्षेवर बोलायची पाळी येते. सत्र नेमकं जेवणानंतरचं असतं आणि अर्धा हॉल पेंगत असतो. खरे प्रश्न येतात ते नंतर, खाली चहाच्या टपरीवर. तेच इथे घेतले आहेत.

आमच्या टेबलावर चोरण्यासारखं आहे तरी काय?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. तुमच्या मशीनच्या "न्यू फोल्डर (3)" मध्ये डोकावून बघा. आधार कार्डांचे स्कॅन, पासबुकाचं पहिलं पान, जातीचे दाखले, लाभार्थ्यांच्या याद्या मोबाइल नंबरांसकट. फसवणुकीचा धंदा करणाऱ्याला याहून जास्त काय लागतं?

पण चोरी हा अर्धाच भाग झाला. तुमची वायर तुमच्या खोलीत संपत नाही. ती स्विचला (सगळ्या वायरी एकत्र जोडणाऱ्या खोक्याला) जाते, तिथून सर्व्हरला, तिथून राज्याच्या मोठ्या नेटवर्कला. दिवा स्टेशनला गाडीत चढलेला माणूस सीएसएमटीला उतरू शकतो, दिव्यात त्याचं काम असायलाच हवं असं नाही. हल्लेखोराला तुमचं टेबल फक्त चढण्यापुरतं लागतं.

हल्ला झाला म्हणजे नेमकं काय होतं? स्क्रीनवर कवटी वगैरे येते का?

कवटी येत नाही. फोन येतो.

सकाळी दहा-सव्वादहाची वेळ. ऑपरेटर ताईंचा फोन : "सर, माझ्या सगळ्या फायली पांढऱ्या झाल्यात." म्हणजे एक्सेलचं हिरवं, वर्डचं निळं चिन्ह गेलं आणि फायलीच्या नावापुढे सात-आठ निरर्थक अक्षरं लागली. प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवी टेक्स्ट फाइल, तीत इंग्रजीत खंडणीची मागणी. मी फोनवरच सांगितलं, मागची निळी वायर काढा, मशीन बंद करू नका. त्यांनी घाईत टेलिफोनची वायर काढली. चूक त्यांची नाही. कुठली वायर कसली, हे आम्ही कधी कोणाला दाखवलंच नव्हतं.

मी तिसऱ्या मजल्यावरून खाली पोचेपर्यंत "कॉमन" नावाचं सामायिक फोल्डर अर्धं गेलं होतं. ते फोल्डर सर्व्हरवर होतं आणि त्यात लिहायची मुभा सगळ्यांना होती, कारण कधीतरी एका साहेबांना फाइल सेव्ह होत नव्हती म्हणून कोणीतरी तशी मुभा देऊन टाकली होती. सर्व्हरला बॅकअपची डिस्क होती. ती सर्व्हरलाच जोडलेली, त्यामुळे तीही गेली. वाचलं ते कपाटातल्या एका जुन्या डिस्कमुळे. चार महिन्यांपूर्वी सर्व्हर बदलताना माल हलवायला वापरली होती, मग तशीच राहून गेली. मधल्या चार महिन्यांच्या नोंदी आवक-जावकच्या कागदी नोंदवहीवरून पुन्हा टाइप केल्या. दोन लिपिक, दोन ऑपरेटर, सव्वादोन आठवडे. ती नोंदवही "आता कशाला ठेवायची" म्हणून बंद करायचा प्रस्ताव तेव्हा टेबलावर होता.

मशीन बंद का करायचं नाही? मेमरीत काय चालू होतं याच्या खुणा वीज गेली की पुसल्या जातात. तपासणाऱ्याला त्याच खुणा लागतात. आधी नेटवर्क तोडायचं, मग हात मागे घ्यायचे.

आत आलं कुठून?

मराठी फाँटच्या कन्व्हर्टरमधून. गंमत नाही करत. आपल्याकडे जुनी टिपणं कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये आहेत आणि वरून आदेश असतो युनिकोडचा. मग ऑपरेटर बिचारा गुगलवर शोधतो आणि पहिल्या तीन दुव्यांपैकी जे उतरेल ते उतरवतो. सेटअप चालू होताना अँटिव्हायरस अडवतो, तर त्याच पानावर लिहिलेलं असतं की आधी अँटिव्हायरस बंद करा. तो करतो, कारण साडेपाचच्या आत टिप्पणी हवी असते.

हा माणूस बेफिकीर नव्हता. काम करायचं साधन कार्यालयाने दिलं नाही, म्हणून त्याने शोधलं. तपासलेला एक कन्व्हर्टर आणि युनिकोड फाँट सगळ्या मशीनवर आम्हीच घालून दिले, तेव्हापासून असली डाउनलोड जवळजवळ थांबली. पोस्टर लावून थांबली नव्हती.

मोठ्या संस्थांमध्ये असं होत नसेल ना?

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला झालं. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ओपीडी, दाखले, तपासण्यांचे अहवाल जवळपास दोन आठवडे कागदावर चालले. सरकारने संसदेत कारण दिलं, नेटवर्कची नीट विभागणी नव्हती. म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला मधे दारच नव्हतं.

त्याच्या आधी, मार्च २०२१ मध्ये, आपल्या एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. आणि अगदी दारातलं उदाहरण हवं असेल तर न्हावा-शेवा. २७ जून २०१७ ला जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. हल्ला रोखला होता युक्रेनवर. तिथल्या एका कर भरायच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून "नॉटपेट्या" नावाचा घातक प्रोग्राम घुसला, मर्स्कच्या जगभरच्या संगणकांत पसरला आणि उरणच्या रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला त्याची झळ बसली. कंपनीने नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं.

त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक सत्रात सांगतो. कोणाला कुठे लॉगिन करता येतं याची यादी सांभाळणारे मर्स्कचे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवत. सगळे एकदम गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून सगळं पुन्हा उभं राहिलं. आमची कपाटातली डिस्क आणि त्यांची घानातली वीज, दोन्हीत अक्कल कोणाचीच नव्हती.

१२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली, तो सायबर हल्ला होता का?

ठाण्या-नवी मुंबईत हा प्रश्न हमखास येतो, कारण त्या दिवशी लोकल थांबल्या आणि कळवा-पडघा ही वीज उपकेंद्रांची नावं बातम्यांत आली. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये सायबर विभागाच्या अहवालाचा आधार देऊन घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी त्याच सुमारास सांगितलं, ती मानवी चूक होती, हल्ला नव्हे. एकीकडे घुसखोरीच्या खुणा, दुसरीकडे बत्ती गुल. एकामुळेच दुसरं झालं हे सिद्ध करायला मधली कडी लागते, आणि ती जाहीरपणे कोणी दाखवलेली नाही. माझं मत विचाराल तर "चीनने केलं" म्हणून टाळ्या घेण्यात अर्थ नाही आणि "काही नव्हतंच" म्हणून झोपण्यातही नाही.

विजेवर असा हल्ला होऊच शकत नाही, असं मात्र नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज याच मार्गाने गेली. नियंत्रण कक्षातल्या लोकांच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरून स्विच उघडत होता. सुरुवात कुठून, तर ईमेलला जोडलेल्या ऑफिसच्या साध्या फाइलमधून. आणि वीज काही तासांत परत आली ती कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने स्विच ओढले म्हणून.

आमचं मशीन इंटरनेटला जोडलेलंच नाही. मग चिंता कसली?

पेनड्राइव्ह येतो ना? झेरॉक्सच्या दुकानात जाऊन परत येतो, नंतर तुमच्याकडे लागतो. इराणच्या अणुप्रकल्पातल्या यंत्रांना इंटरनेट नव्हतं, तरी स्टक्सनेट हे घातक सॉफ्टवेअर पोचलं. २०१० साली ते उघडकीस आलं.

वेगळं ठेवल्याचा फायदा मात्र खरा आहे. कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका संगणकात २०१९ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं. प्रकल्पाचं नियंत्रण करणारी यंत्रणा त्यापासून वेगळी होती, म्हणून गोष्ट तिथेच थांबली. आपल्याकडे एवढं नसलं तरी हिशेबाची मशीन वेगळी, नागरिकांच्या काउंटरची वेगळी, कॅमेरे आणि हजेरीचं यंत्र वेगळं, एवढं स्विचवर करता येतं. त्याला नवीन खरेदी लागत नाही, एक शनिवार लागतो.

फायरवॉल घेतली आहे. ती काय करते मग?

दिवे लावते! नाही, चेष्टा बाजूला. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरची राखणदार, कोणाला आत-बाहेर सोडायचं ते नियमांवरून ठरवते. ती उत्तम काम करते, पण दोन अटींवर. तिचं सबस्क्रिप्शन चालू हवं. मार्चअखेरीस निधी संपला की नूतनीकरण राहतं आणि नव्या धोक्यांची माहिती तिच्यापर्यंत येणं बंद होतं. आणि तिचे नियम कोणीतरी वाचायला हवेत. मी एका ठिकाणी सर्वांत वरचा नियम पाहिला : कोणीही, कुठूनही, कुठेही. शेजारी शेरा, "तात्पुरतं". व्हेंडरने बसवताना चाचणीसाठी टाकला आणि बिल काढून गेला. खालचे चाळीस नियम नुसते शोभेचे.

पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा?

नियमात जी मुदत दिली आहे ती पाळा, त्यात माझं मत चालत नाही. पण "Thane@" च्या पुढे महिना बदलत बसणं म्हणजे पासवर्ड बदलणं नव्हे. लांब ठेवा. आजीच्या गावचं नाव, पहिल्या सायकलचा रंग आणि एखादी भाजी एकत्र केली तर तुम्हाला आठवतं आणि यंत्राला ओळखायला फार वेळ लागतो.

याहून मोठं दुखणं वेगळं आहे. कार्यालयातल्या सगळ्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड एकच असतो, कारण सेटअप करणारा इंजिनिअर एकच असतो. नॉटपेट्या असाच पसरला. एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि शेजारच्याला लावायचा. अपडेट केलेली मशीनसुद्धा त्यात गेली, कारण किल्ली खरी होती. तेव्हा मशीनगणिक वेगळा पासवर्ड ठेवा, आणि ईमेल व महत्त्वाच्या प्रणालींना मोबाइलवरचा (ओटीपीसारखा) दुसरा टप्पा हवाच. आणि टेबलाच्या काचेखाली, स्वामींच्या फोटोमागे ठेवलेली चिठ्ठी सफाईवाल्यालाही माहीत असते.

साहेबांची डिजिटल सही आमच्याकडेच असते. त्यात काय चूक?

इथे मी जरा चिडतो. डीएससीचा (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचा) पेनड्राइव्हसारखा टोकन म्हणजे साहेबांचा हात आहे. सकाळी दहाला ऑपरेटरच्या मशीनला लावलेला टोकन संध्याकाळी सहाला निघतो आणि पिन त्याच्या कव्हरवर स्केचपेनने लिहिलेला असतो. त्या आठ तासांत त्या मशीनवर दुरून ताबा मिळवलेला कोणीही दाखला देऊ शकतो, फेरफार मंजूर करू शकतो, निविदा उघडू शकतो. सही कायद्याने साहेबांचीच ठरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपली किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची काळजी सही ज्याची त्यानेच घ्यायची आहे.

"दिवसाला दोनशे दाखले असतात, साहेब मीटिंगला असतात," हे उत्तर मला माहीत आहे आणि ते खरं आहे. मग अधिकार रीतसर दुसऱ्या अधिकाऱ्याला द्या, त्याच्या नावाने टोकन काढा. शिपायाला शाईचा शिक्का देताना आपण कपाटाच्या किल्लीचा हिशेब ठेवायचो. इथे तेवढंही राहिलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली तर चालते का?

नाही, आणि सगळेच पाठवतात. एनआयसीने (सरकारची संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या केंद्राच्या संस्थेने) जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जे निर्देश काढले त्यात सरकारी कागद गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या ठिकाणी ठेवायला आणि कॅमस्कॅनरसारख्या ॲपने स्कॅन करायला मनाई होती. त्यातलं कॅमस्कॅनर तर जून २०२० मध्येच केंद्राने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये होतं, तरी कित्येकांच्या फोनमध्ये ते राहिलंच. ई-ऑफिस आणि सरकारी ईमेल वापरा. निदान लाभार्थ्यांची अख्खी यादी चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकू नका. त्यातले तिघे निवृत्त झालेत आणि एकाने नोकरी सोडली आहे.

खोटा सरकारी ईमेल ओळखायचा कसा?

भाषेवरून ओळखायचे दिवस गेले. आता खोटी पत्रं आपल्या परिपत्रकांपेक्षा शुद्ध मराठीत येतात. पाठवणाऱ्याचं नाव सोडा, पत्ता बघा आणि तो उजवीकडून वाचा. शेवट "गव्ह डॉट इन" किंवा "निक डॉट इन" असा हवा. "महसूल-गव्ह-इन डॉट कॉम" हे कोणाचंही असू शकतं. पण खऱ्या पत्त्यावरूनही खोटं पत्र येतं, कारण शेजारच्या कार्यालयाचं खातं आधीच फुटलेलं असतं. म्हणून "तातडीचे" असं लिहून फाइल उघडायला किंवा लॉगिन करायला सांगितलं असेल तर फोन उचला आणि विचारा. ठाण्याहून बेलापूरला फोन करायला दोन मिनिटं लागतात.

सावधपणाचाही फायदा घेतला जातो. सरकारी ईमेलच्या लॉगिनला दुसरा टप्पा म्हणून "कवच" ॲप आलं, तर पाकिस्तानशी जोडल्या जाणाऱ्या ट्रान्सपरंट ट्राइब या टोळीने त्याच नावाचं नकली कवच बनवून आपल्या कर्मचाऱ्यांपुढे टाकलं.

अपडेट चालू केलं की मशीन तासभर अडकतं. नंतर केलं तर?

वॉनाक्राय हा रॅन्समवेअर ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. हल्ला झाला १२ मे ला. मधले जवळजवळ दोन महिने जगभरातले लोक "नंतर करू" म्हणत होते. दुपारी जेवायला जाताना लावा. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचं संरक्षण मिळणं थांबलं आहे. अशी मशीन बदलता येत नसतील तर निदान इंटरनेटपासून तोडा.

नेट अचानक सगळ्यांचंच बंद पडतं, हाही हल्ला असतो का?

बहुतेक वेळा घरून आणलेला राउटर असतो. आमच्याकडे एकदा पहिला मजला सकाळपासून बंद. प्रत्येक मशीनला नेटवर्कवरचा भलताच पत्ता मिळालेला, १९२.१६८ ने सुरू होणारा, जो आमचा नव्हताच. म्हणजे आमच्याशिवाय दुसरंच कोणीतरी पत्ते वाटत होतं. स्विचवरून माग काढत अभिलेख कक्षात पोचलो. गठ्ठ्यांच्या मागे, लाल फडक्याला टेकून, एक पांढरा राउटर दोन अँटेना वर करून बसला होता. एका भाऊंना मोबाइलवर क्रिकेट बघायला वायफाय हवं होतं. त्यांनी वायर उलट्या खाचेत घातली, म्हणून आम्हाला कळलं. बरोबर खाचेत घातली असती तर तो राउटर वर्षभर तिथेच राहिला असता, आणि त्याचा पासवर्ड होता "ॲडमिन". रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षातूनही आमच्या नेटवर्कमध्ये येता आलं असतं.

बदली झाली की जुन्या लॉगिनचं काय करायचं?

मे महिन्यात बदल्या होतात. चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, नस्त्या सगळं लिहून घेतलं जातं. लॉगिन नाही. त्याच यादीत चार ओळी वाढवा : ईमेल, प्रणालींची खाती, टोकन, सामायिक फोल्डर. कंत्राटी माणसाचं कंत्राट संपलं की त्याच दिवशी खातं बंद, माझ्यासकट. व्हेंडरने "सपोर्टसाठी" टाकलेलं एनीडेस्कही (दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) या यादीत धरा. काम असेल तेव्हा चालू, काम झालं की काढून टाका.

जुने संगणक निर्लेखित करताना (वापरातून काढून टाकताना) काय बघायचं?

हार्ड डिस्क. समितीची सही झाली, लिलाव झाला, टेम्पो भंगारवाल्याकडे गेला आणि डिस्क आतच राहिली, असं होऊ देऊ नका. डिलीट किंवा फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही. नीट पुसणारं सॉफ्टवेअर वापरा, नाहीतर डिस्क काढून ड्रिलने भोकं पाडा आणि पंचनाम्यात डिस्कचे क्रमांक लिहा. प्रिंटर-कम-झेरॉक्सच्या मोठ्या यंत्रातही डिस्क असते, ती सगळे विसरतात.

बॅकअप किती ठेवायचे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक इमारतीबाहेर. हा जुना हिशेब आजही चालतो. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरणाऱ्या आपल्या भागात "इमारतीबाहेर" याला आणखी वजन आहे. त्यातली एक प्रत वायर काढून ठेवलेली हवी. आणि तीन महिन्यांतून एकदा ती उघडून बघा. "बॅकअप सक्सेसफुल" असं दररोज सांगणाऱ्या एका यंत्रणेत मला रिकामं फोल्डर सापडलं होतं. ते बरोबर होतं, रिकामं फोल्डर यशस्वीपणे कॉपी होत होतं.

खंडणी देऊन टाकली तर?

कुठल्या लेखाशीर्षाखाली? गंमत राहू द्या. पैसे देऊन फायली परत येतीलच असं नाही, चोरलेली माहिती पुसली जाईल याची हमी नाही, आणि पैसे देणारा म्हणून तुमची नोंद मात्र त्यांच्याकडे पक्की होते.

हल्ला झाला तर कळवायचं कोणाला? आणि कळवलं तर माझ्यावरच चौकशी येईल ना?

सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्राच्या संस्थेला), लक्षात आल्यापासून ६ तासांत. २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या निर्देशांप्रमाणे हे सरकारी कार्यालयांनाही बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० ब ने या संस्थेला तो अधिकार दिला आहे. टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. वीज, बँका, वाहतूक अशा अतिमहत्त्वाच्या यंत्रणांसाठी कलम ७० अ खाली एनसीआयआयपीसी ही वेगळी संस्था आहे. राज्याच्या महाराष्ट्र सायबरचं मोठं केंद्र तर आपल्या महाप्यातच आहे. तुमच्या स्वतःच्या खात्यातून पैसे गेले असतील तर तो वेगळा विषय, त्यासाठी हेल्पलाइन १९३०.

चौकशीच्या भीतीचं उत्तर सोपं नाही. ऑपरेटर ताईंनी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन केला म्हणून अर्धं फोल्डर वाचलं. त्यांना नंतर कारणे दाखवा नोटीस मिळाली. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाचं मशीन बिघडलं तेव्हा फोन दुपारी तीन वाजता आला. हे मी साहेबांना लेखी कळवलं, आणि त्यांनी नोटीस मागे घेतली. सगळीकडे असे साहेब नसतात.

लॉग म्हणजे काय आणि घड्याळाचा काय संबंध?

लॉग म्हणजे यंत्राची आवक-जावक नोंदवही : कोण आलं, केव्हा आलं, काय केलं. त्याच २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ती १८० दिवस ठेवायची असते, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची असतात. आमच्या प्रकरणात सर्व्हर म्हणत होता ९:५२, फायरवॉल ९:१३ आणि जिन्यातल्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची बॅटरी संपल्याने तिथे १ जानेवारी २००० चालू होता. आधी काय घडलं आणि मग काय, हे जुळवायलाच दोन दिवस गेले.

मी कॉलेजचा विद्यार्थी आहे. एका सरकारी संकेतस्थळात त्रुटी सापडली, काय करू?

थांब. आत जाऊन "बघतो किती डेटा निघतो" असं करू नकोस. परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं, हेतू चांगला असला तरी; हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली गुन्हाही होतो. संरक्षित म्हणून जाहीर झालेली प्रणाली असेल तर कलम ७० लागतं आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. दिसलं तेवढ्याचं वर्णन सर्ट-इनला ईमेलने पाठव. समाजमाध्यमावर स्क्रीनशॉट टाकू नकोस, मंत्र्यांना टॅग तर अजिबात नको.

पैसे नाहीत, माणूस नाही. सुरुवात कुठून करू?

डेडस्टॉक रजिस्टरपासून, म्हणजे कार्यालयातल्या वस्तूंच्या नोंदवहीपासून. ते उघडा आणि नेटवर्कवर खरोखर काय काय जोडलेलं आहे त्याच्याशी ताडून बघा. फुकट मिळणाऱ्या साधनाने पाऊण तासात यादी निघते. आमच्या रजिस्टरमध्ये ६४ संगणक होते. नेटवर्कवर ९१ वस्तू सापडल्या. प्रिंटर, डीव्हीआर, हजेरीचं यंत्र, साहेबांच्या केबिनमधला टीव्ही, तीन मोबाइल, निर्लेखित दाखवलेला पण कॅन्टीनशेजारी चालू असलेला एक संगणक. प्रत्येकासमोर एका माणसाचं नाव लिहायचं, पदनाम नव्हे, नाव. ज्याच्यासमोर नाव लिहिता येत नाही ते काढायचं. बाकीची सगळी सुरक्षा या यादीवर उभी राहते, कारण जे आपल्याकडे आहे हेच माहीत नाही त्याला अपडेट कोण देणार?

दोन आठवड्यांत ९० वस्तूंची नावं लागली. उरलेली एक सापडली नाही. पिंग केलं (नेटवर्कवरून हाक मारली) की उत्तर द्यायची, वायर मात्र जुन्या भिंतीत जाऊन गडप व्हायची. नूतनीकरणात तिथली एक खोली बुजली, असं जुने शिपाई सांगतात. शेवटी स्विचवरचं ते पोर्ट (तिची वायर लागते ती खाच) मी बंद केलं. तीन महिने झाले, कोणाचीच तक्रार आलेली नाही.